नवा खाऱ्या पाण्याचा टँक कोरलसाठी तयार झाला, हे कसं ओळखायचं

अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य आणि नायट्रेट दिसायला लागलं की सायकलिंग (टँकमध्ये अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंची वस्ती बसवणं) पूर्ण झालं असं मानतात, आणि ते बरोबरच आहे. पण या तीन आकड्यांवरून इतकंच कळतं की आता मासे सोडले तर ते अमोनियाने मरणार नाहीत. कोरलची गरज यापेक्षा मोठी आहे. ते एका जागी चिकटलेलं असतं. कठीण कोरल पाण्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलून आपला सांगाडा बांधतं. बहुतेक कोरलना त्यांच्या पेशींत राहणारी सूक्ष्म शैवालं, म्हणजे झूझँथेली, प्रकाशातून अन्न तयार करून देतात. खारटपणा, तापमान, अल्कलिनिटी (पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा) किंवा प्रकाश यांत झटका बसला की आधी ही भागीदारी विस्कटते, मग कोरल फिकं पडतं किंवा त्याचं मांस सांगाड्यावरून सुटतं.

म्हणून नव्या टँकला एकच प्रश्न विचारायचा: मी हात लावला नाही, तर हा टँक दोन आठवडे आहे तसा राहतो का? पुढचं सगळं या प्रश्नाचं उत्तर कसं मिळवायचं, याबद्दल आहे.

कालावधीचा ढोबळ अंदाज द्यायचा, तर कोरडा खडक आणि बाटलीतले जिवाणू वापरून सुरू केलेल्या टँकमध्ये सायकलिंगला साधारण २ ते ६ आठवडे जातात. मऊ कोरलचा पहिला तुकडा दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात, मोठ्या पॉलिपची (कोरल ज्यांचं बनतं त्या, तोंड असलेल्या छोट्या जिवांची) कठीण कोरल चौथ्या ते सहाव्या महिन्यात आणि अ‍ॅक्रोपोरासारखी नाजूक कोरल नऊ महिने ते वर्षभरानंतर लावावीत. चांगला लाइव्ह रॉक (आधीच जिवाणू आणि जीव वसलेला खडक) असेल तर हे सगळं लवकर होतं. मात्र कॅलेंडर फक्त इशारा देतं. तीन महिन्यांचा डळमळीत टँक दोन महिन्यांच्या शांत टँकपेक्षा कोरलसाठी वाईटच.

सायकलिंगची खरी परीक्षा

टँकमध्ये मासे नसताना अमोनियम क्लोराइड घ्या. १०० लिटर पाण्याला सुमारे ०.६ ग्रॅम टाकलं की अमोनिया २ पीपीएमच्या (दशलक्ष भागांत २ भाग) आसपास जातो. पाण्याचं प्रमाण मोजताना खडक आणि वाळूने व्यापलेली जागा वजा करा. १०० लिटरच्या काचेच्या टँकमध्ये प्रत्यक्ष पाणी बऱ्याचदा ८० ते ८५ लिटरच असतं. २४ तासांनी मोजा. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले, आणि दोन-तीन दिवसांनी तीच परीक्षा पुन्हा पास झाली, तर जिवाणूंची वस्ती नीट बसली आहे. अमोनिया ४-५ पीपीएमच्या वर नेऊ नका, कारण तेवढ्या अमोनियात नायट्राइट खाणारे जिवाणू दबतात आणि सायकलिंग अर्ध्यावर अडकून बसतं. मेलेली कोळंबी सडवूनही हे काम होतं, पण त्यातून फॉस्फेटही पाण्यात उतरतं आणि मात्रा मोजता येत नाही. म्हणून आम्ही ती पद्धत सुचवत नाही.

इथे तीन ठिकाणी लोक फसतात.

पहिलं, अमोनियाचा टेस्ट कायम ०.२५ दाखवतो. क्लोरीन-क्लोरामाइन काढणारी काही औषधं टेस्टच्या रंगात गडबड करतात. ताजं मीठ घोळलेल्या पाण्यावर तोच टेस्ट करून पाहा. तिथेही ०.२५ आलं, तर ती किटची पार्श्वभूमी आहे, टँकचा दोष नाही.

दुसरं, नायट्राइट शिल्लक असताना नायट्रेटचा आकडा फुगलेला दिसतो. नायट्रेटचं किट आधी नायट्रेटचं नायट्राइट करतं आणि मग तेच मोजतं. त्यामुळे आधीपासून असलेलं थोडंसं नायट्राइटही मोठं नायट्रेट म्हणून वाचलं जातं. नायट्राइट संपेपर्यंत नायट्रेटच्या आकड्यावर कोणताही निर्णय घेऊ नका. तसंच खाऱ्या पाण्यातल्या भरपूर क्लोराइडमुळे नायट्राइट माशांना गोड्या पाण्याइतकं विषारी ठरत नाही. ते थोडे दिवस रेंगाळलं म्हणून घाबरून सगळं पाणी बदलू नका.

तिसरं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्च होते. वर सांगितलेल्या २ पीपीएमच्या प्रत्येक मात्रेमागे साधारण ०.६ ते ०.७ डीकेएच (हे अल्कलिनिटीचं एकक) जाते. चार-पाच मात्रा दिल्या असतील, तर टँक ८ वरून ५ पर्यंत उतरलेला सापडतो. सायकलिंग संपल्यावर ३० ते ५० टक्के पाणी बदला आणि मग अल्कलिनिटी नव्याने मोजा.

मोजण्याची साधनं आधी तपासा

चुकीच्या रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या उपकरणावर) उभारलेला टँक तयार आहे की नाही, हे कुणीच सांगू शकत नाही. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्य करून भागत नाही, कारण स्वस्त उपकरणं बऱ्याचदा मिठाच्या साध्या द्रावणासाठी आखलेली असतात आणि समुद्राच्या पाण्यावर थोडी चुकतात. ३५ पीपीटीचं (हजार भागांत ३५ भाग क्षार) कॅलिब्रेशन द्रावण आणा, दोन थेंब टाका, मिनिटभर तापमान जुळू द्या आणि स्क्रू फिरवून ३५ वर आणा. महिन्यातून एकदा पुन्हा तपासा. २५ अंश सेल्सिअसला ३५ पीपीटी म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६.

अल्कलिनिटीचं थेंबांचं किट ०.३ ते ०.५ डीकेएच इकडे-तिकडे होऊ शकतं. त्यामुळे एका आकड्याकडे न बघता ओळीने आलेले आकडे बघा. किट तेच, वेळ तीच आणि थेंब टाकताना बाटली उभी धरलेली, एवढं सांभाळलं की आकड्यांतला कल विश्वासाचा होतो.

फॉस्फेट मोजणारी काही डिजिटल उपकरणं फॉस्फेटऐवजी फॉस्फरस पीपीबीमध्ये (अब्ज भागांत किती भाग) दाखवतात. तो आकडा ३.०६६ ने गुणून हजारने भागला की फॉस्फेट पीपीएममध्ये मिळतं. पडद्यावरचे १० पीपीबी म्हणजे ०.०३ पीपीएम फॉस्फेट. नायट्रेटचीही तीच गोष्ट: किट नायट्रेट-नायट्रोजन दाखवत असेल तर ४.४३ ने गुणा. हा गुणाकार न केल्यामुळे टँकमध्ये पोषणच नाही असं समजून लोक उगाच नायट्रेट ओतत बसतात.

पाणी आरओडीआयचंच (रिव्हर्स ऑस्मोसिस आणि डीआय रेझिनमधून गाळून क्षार काढलेलं) हवं, टीडीएस मीटरवर, म्हणजे विरघळलेले क्षार मोजणाऱ्या मीटरवर, शून्य दाखवणारं. डीआय रेझिन संपायला आलं की सिलिका लवकर निसटून येते आणि काचेवरची तपकिरी धूळ थांबता थांबत नाही.

कुठल्या आकड्यांवर स्थिर व्हायचं

- तापमान: २५ ते २६.५ अंश सेल्सिअस, दिवसभरातला चढउतार १ अंशाच्या आत
- खारटपणा: ३५ पीपीटी, चढउतार अर्ध्या पीपीटीच्या आत
- अल्कलिनिटी: ७.५ ते ९ डीकेएच, एका दिवसात ०.५ पेक्षा जास्त फरक नको
- कॅल्शियम: ४०० ते ४५० पीपीएम
- मॅग्नेशियम: १२८० ते १४०० पीपीएम
- नायट्रेट: २ ते १५ पीपीएम
- फॉस्फेट: ०.०३ ते ०.१ पीपीएम
- पीएच: ७.८ ते ८.४

यांतल्या नेमक्या बिंदूवर अडून बसू नका. ७.८ वर कायम राहणारी अल्कलिनिटी रोज ८ ते ९.५ मध्ये झुलणाऱ्या अल्कलिनिटीपेक्षा कितीतरी चांगली. निसर्गातल्या समुद्राचीही अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएचच असते. ती ११-१२ वर नेऊन ठेवायची आणि पोषण मात्र शून्याजवळ, ही जोडी विशेष वाईट. तशा पाण्यात अ‍ॅक्रोपोराची टोकं जळून पांढरी पडतात.

काही कमी असेल तर दुरुस्तीचं गणित सोपं आहे. १०० लिटर पाण्याची अल्कलिनिटी १ डीकेएचने वाढवायला सुमारे ३ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो. कॅल्शियम १० पीपीएमने वाढवायला ३.७ ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट, आणि मॅग्नेशियम १० पीपीएमने वाढवायला ८.४ ग्रॅम मॅग्नेशियम क्लोराइड हेक्झाहायड्रेट. प्रत्येक पदार्थ वेगळ्या आरओडीआय पाण्यात विरघळवा आणि पंपाच्या प्रवाहात हळूहळू सोडा. सोडा आणि कॅल्शियम एकामागोमाग एकाच जागी ओतलं तर पांढरा साका होऊन दोन्ही वाया जातात. दोहोंत निदान अर्धा तास जाऊ द्या. अल्कलिनिटी एका दिवसात १ डीकेएचपेक्षा जास्त वाढवू नका.

चौदा दिवसांची स्थिरता चाचणी

ही या लेखातली सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. आकडे वरच्या मर्यादेत आणून झाले की दोन आठवडे टँक स्वतःच्या पायावर चालू द्या. या काळात पाणी बदलायचं नाही आणि कसलंही डोसिंग करायचं नाही. दिवे मात्र कोरल असल्यासारखेच चालवा, ८ ते ९ तास. एक-दोन छोटे मासे असतील तर त्यांना रोजचं खाणं द्या. मासे नसलेल्या टँकची चाचणी अपुरी असते, कारण पोषणाची आवकच होत नाही.

वहीत रोज एकाच वेळी अल्कलिनिटी लिहा. तापमान पहाटे आणि दुपारी, म्हणजे सगळ्यात थंड आणि सगळ्यात गरम वेळी. खारटपणा दिवसाआड. नायट्रेट आणि फॉस्फेट आठवड्यातून दोनदा, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम आठवड्याला एकदा. पीएच दिवे लागायच्या आधी आणि दिवे विझायच्या आधी.

आता आकडे वाचायचे कसे?

खारटपणा चढत असेल, तर बाष्पीभवन भरून काढण्यात खंड पडतो आहे. १०० लिटरच्या टँकमधून रोज २ लिटर उडालं आणि ते दुसऱ्या दिवशी एकदम ओतलं, तर पाणी रोज ३५ वरून ३५.७ वर जाऊन खाली येतं. छोट्या टँकमध्ये हा फरक आणखी मोठा. ऑटो टॉप-ऑफ (उडालेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) बसवल्याशिवाय कठीण कोरलचा विचार करू नका. त्याचा सेन्सर अडकला तर किती गोडं पाणी आत जाईल, हेही आधीच बघा: राखीव भांडं इतकंच मोठं ठेवा की ते पूर्ण रिकामं झालं तरी खारटपणा २ पीपीटीपेक्षा जास्त उतरणार नाही. १०० लिटर पाण्याला साधारण ६ लिटरचं भांडं म्हणजे हद्द.

अल्कलिनिटी उतरत असेल, तर किती वेगाने उतरते ते बघा. कोरल नसलेल्या टँकमध्येही ती थोडी घटते. गुलाबी कोरलाइन शेवाळ आणि गोगलगायी ती वापरतात, आणि खाण्यापासून नायट्रेट होतानाही ती जाते: ५० पीपीएम नायट्रेट तयार होण्यामागे सुमारे २.३ डीकेएच. आठवड्याला अर्धा डीकेएच घट झाली तर काळजी नको. रोज ०.३ ते ०.५ घटते आहे आणि टँकमध्ये कोरल तर नाहीच, असं असेल तर हीटर आणि पंप काढून पाहा. त्यांवर पांढरी खरखरीत पुटं दिसली तर कॅल्शियम कार्बोनेट आपोआप साचतं आहे. बहुधा मॅग्नेशियम १२०० च्या खाली असतं, किंवा पीएच कुठेतरी अचानक वर ढकलला गेलेला असतो. हे थांबवल्याशिवाय पुढे जाऊ नका.

पीएच सकाळी ७.८ आणि संध्याकाळी ८.१, असा फरक नैसर्गिक आहे. दिवसा शैवालं कार्बन डायऑक्साइड वापरतात, रात्री सगळेच तो सोडतात. सकाळचा आकडा सतत ७.७ च्या खाली असेल तर खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त आहे. प्रोटीन स्किमरची (बुडबुड्यांनी पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी खिडकीबाहेर नेली की बऱ्याचदा काम भागतं. पीएच वाढवायच्या पावडरीच्या मागे लागू नका. त्या अल्कलिनिटीही वाढवतात आणि मूळ कारण तसंच राहतं.

दोन आठवडे झाल्यावर पाणी बदला, पण नव्या घोळाची अल्कलिनिटी आधी मोजा. मीठ कोणतं घेतलं यावर ती ७ ते १२ डीकेएच, काहीही असू शकते. टँक ८ वर आणि नवं पाणी १२ वर असेल, तर २० टक्के पाणी बदलताच टँक ८.८ वर उडी घेतो. टँकच्या लक्ष्याजवळचंच मीठ निवडा आणि ते बदलत राहू नका.

शेवाळांचे टप्पे: कुठे थांबायचं, कुठे पुढे जायचं

कोरड्या खडकावर सुरुवातीला सगळी जागा मोकळी असते. जे लवकर वाढतं ते आधी जागा बळकावतं, हळू वाढणारं नंतर येऊन टिकतं. टँकचं वय बघायचं तर महिने मोजण्यापेक्षा खडकावर सध्या कोण आहे, ते बघा.

पहिल्या काही आठवड्यांत वाळूवर आणि काचेवर तपकिरी धूळ बसते. ही डायटम. सिलिकेट संपलं की ती आपोआप ओसरते. बोटाने सहज पुसली जाते, धागे नसतात. या टप्प्यात कोरल लावू नका, पण काळजीही करू नका.

मग हिरवं केसाळ शेवाळ येतं. ते आलं म्हणजे पोषण आहे. टर्बो, ट्रोकस, अ‍ॅस्ट्रिया अशा गोगलगायी सोडा, हाताने उपटून काढा, मात्र फॉस्फेट काढणारा जीएफओ भरमसाट घालून एका आठवड्यात सगळं शून्य करू नका. कोरडा कॅल्शियम कार्बोनेटचा खडक फॉस्फेट शोषून ठेवतो आणि पाण्यातलं कमी झालं की परत सोडतो, म्हणून पहिले काही महिने फॉस्फेटचा आकडा स्वतःहूनच डगमगतो. जीएफओ वापरायचाच असेल तर सांगितलेल्या मात्रेच्या चौथाईपासून सुरुवात करा. केसाळ शेवाळ आवाक्यात आलं आणि कमी होत चाललं, की मऊ कोरल चालेल. शेवाळ फ्रॅगवर (लावायच्या कोरलच्या छोट्या तुकड्यावर) चढण्याइतकं दाट असेल तर थांबा.

लालसर-जांभळी, चादरीसारखी उचलली जाणारी आणि बुडबुडे धरणारी वाढ म्हणजे सायनोबॅक्टेरिया. पाण्याच्या प्रवाहात मेलेले कोपरे असले आणि नायट्रेट-फॉस्फेटचं गणित बिघडलं की ते येतं. पाइपने ओढून काढा, प्रवाहाची दिशा बदला.

खरा थांबा म्हणजे डायनो, अर्थात डायनोफ्लॅजेलेट. तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, त्यांच्या टोकाला बुडबुडे, दिवसा वाढणारे आणि रात्री बऱ्याच अंशी विरणारे. गोगलगायी सुस्त पडून मरायला लागल्या तर संशय आणखी घट्ट. घरच्या घरी ओळखायचं असेल, तर थोडा शेंबूड टँकच्या पाण्यासकट बाटलीत घ्या, जोरात हलवा, कॉफी गाळायच्या कागदातून गाळा आणि गाळलेलं पाणी तासभर दिव्याखाली ठेवा. ते पुन्हा गोळा होऊन धागे धरू लागलं तर डायनोच. ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक असेल तर जातही कळते, आणि तिचा उपयोग आहे. ऑस्ट्रिऑप्सिस रात्री पाण्यात तरंगते, म्हणून नीट बसवलेला यूव्ही दिवा तिच्यावर चालतो. मोठ्या पेशींची अ‍ॅम्फिडिनियम वाळूतच राहते, तिच्यावर यूव्हीचा फारसा परिणाम होत नाही.

डायनोंना संधी मिळते ती बहुधा नायट्रेट आणि फॉस्फेट शून्याला टेकलेल्या, फार स्वच्छ ठेवलेल्या टँकमध्ये. तिथे त्यांच्याशी स्पर्धा करणारं काही उरलेलं नसतं. जीएफओ बंद करा, पाणी बदलणं थांबवा, नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०५ ते ०.१ वर आणा. सोडियम नायट्रेट ०.१४ ग्रॅम टाकलं की १०० लिटरमध्ये नायट्रेट सुमारे १ पीपीएमने वाढतं. फॉस्फेट खडक खाऊन टाकतो, त्यामुळे ते थोडं-थोडं, रोज मोजून द्यावं लागतं. डायनो पूर्ण जाऊन निदान महिना उलटल्याशिवाय कोरल लावणं म्हणजे त्या जिवाला उगाच यातना देणं आहे.

टँकमध्ये आधीच राहणारे जीव काय सांगतात

टेस्ट किट सांगत नाही ते गोगलगायी सांगतात. ट्रोकस काचेवर चढतात, उलटल्या तर सरळ होतात, रात्री हिंडतात; कोळंबी कात टाकते आणि कात टाकताना मरत नाही. असे तीन-चार आठवडे गेले तर खारटपणा आणि धातू या दोन्ही बाबतींत टँक बराच सुरक्षित आहे.

तांब्याचा विचार वेगळा करायलाच हवा. टँक वापरलेला घेतला असेल, किंवा त्यात माशांना कधी तांब्याचं औषध दिलं असेल, तर खडक आणि सिलिकॉनमध्ये तांबं मुरलेलं असू शकतं आणि ते दीर्घकाळ पाझरत राहतं. तांब्याचा टेस्ट करा, आणि थोडंही दिसलं तर खडक-वाळू टाकून द्या. वेव्हमेकरच्या (प्रवाह देणाऱ्या पंपाच्या) चुंबकांवरचं प्लास्टिक भेगाळून गंज दिसतो का, हीटरला चीर आहे का, तेही बघा. ताजा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन चालू ठेवणं चांगलं.

रात्री दिवे गेल्यावर तासाभराने टॉर्च मारा. काचेवर पांढरे ठिपके झटक्यात उड्या मारताना दिसले तर ते कोपेपॉड. खडकाच्या फटीत वाकडे अ‍ॅम्फिपॉड दिसतील. सम्पच्या (टँकखालच्या फिल्टर-टाकीच्या) अंधाऱ्या भिंतीवर पांढऱ्या बारीक गुंडाळ्या, म्हणजे नळीत राहणारे किडे, आणि पिवळसर-पांढरे स्पंजाचे डाग यायला लागले की अन्नसाखळी जमते आहे. कोरड्या खडकाने सुरू केलेल्या टँकमध्ये हे जीव आपोआप येत नाहीत. दुसऱ्या निरोगी टँकमधला छोटा खडक किंवा कोपेपॉडची जिवंत बाटली आणून सोडावी लागते.

सगळ्यात बोलकी खूण म्हणजे कोरलाइन शेवाळ, काचेवर आणि पंपांवर उगवणारे गुलाबी-जांभळे कडक ठिपके. तेही कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी वापरून कवच बांधतं, म्हणजे टँकमध्ये सांगाडा उभारता येतो याचा तो जिवंत पुरावा आहे. एक सावधगिरी मात्र हवी: कोरलाइन नाही म्हणून टँक नापास ठरत नाही. बीजच आलं नसेल तर चांगल्या पाण्यातही ते उगवत नाही.

प्रकाश आणि प्रवाह

मऊ कोरल आणि मश्रूमना ५० ते १०० पार (कोरलच्या शैवालांना वापरता येणाऱ्या प्रकाशाचं माप), मोठ्या पॉलिपच्या कठीण कोरलना ७५ ते १५०, आणि अ‍ॅक्रोपोरा-माँटिपोराला २०० ते ३५० पार लागतो. पार मीटर भाड्याने किंवा उसना मिळाला तर टँकच्या तीन खोलींवर, मध्यभागी आणि कोपऱ्यात मोजून नकाशा काढून ठेवा. मीटर नसेल तर एलईडी ३० ते ४० टक्क्यांवर सुरू करा आणि आठवड्याला ५ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका. नव्या कोरलला कमी प्रकाशाने सहसा लगेच इजा होत नाही. जास्त प्रकाशाने मात्र दोन-तीन दिवसांत ते पांढरं पडतं.

प्रवाह मऊ कोरलसाठी टँकच्या पाण्याच्या १० ते २० पट प्रति तास, नाजूक कठीण कोरलसाठी ३० ते ५० पट. थेट तोंडावर एकाच दिशेने मारणारी धार नको. पॉलिप डोलले पाहिजेत, एका बाजूला चिकटून झोपता कामा नयेत.

पहिलं कोरल: खरेदी नाही, चाचणी

वरचं सगळं जमलं की एकच, फार तर दोन फ्रॅग आणा. कठीण कोरल साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट २ मध्ये आहेत आणि अनेक देशांचे स्वतःचेही कडक कायदे आहेत. आपल्या देशाचा कायदा आधी बघा आणि समुद्रातून तोडलेलं न घेता टँकमध्ये वाढवलेलंच फ्रॅग घ्या. ते टँकच्या पाण्याला सरावलेलं असल्याने टिकतंही चांगलं.

चाचणीसाठी डिस्कोसोमा मश्रूम, सार्कोफायटन किंवा ग्रीन स्टार पॉलिप योग्य. झेनिया बऱ्याच पाण्यात फोफावते आणि खडक व्यापून टाकते, म्हणून तिच्यावरून फारसा निष्कर्ष निघत नाही. झोअँथिडही टिकाऊ आहेत, पण त्यांच्यापैकी काहींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत घातक विष असतं. हातमोजे आणि चष्मा लावूनच हाताळा, हाताला जखम असेल तर हात लावू नका, आणि त्यांनी भरलेला खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने धुऊ नका. त्याची वाफ श्वासात जाऊन माणसं गंभीर आजारी पडली आहेत.

फ्रॅग आल्यावर पिशवी अर्धा तास टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा. पिशवीतल्या पाण्याचा खारटपणा मोजा. फरक २ पीपीटीच्या आत असेल तर फार वेळ घालवू नका. मग कोरल-डिपच्या द्रावणात, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात आणि वेळेइतकंच बुडवा, पिपेटने त्यावर पाणी मारत राहा. चपटे किडे आणि नुडिब्रँक (कोरल खाणाऱ्या बिनकवचाच्या गोगलगायी) गळून पडतात, पण अंडी डिपने मरत नाहीत. म्हणून शक्य असेल तर जुना प्लग (फ्रॅग चिकटवलेली छोटी बैठक) कापून टाका आणि नव्या प्लगवर चिकटवा. त्याने एप्टेशिया (उपद्रवी समुद्रफूल) आणि व्हर्मेटिड गोगलगायीही बऱ्याच टळतात. पिशवीतलं आणि डिपचं पाणी टँकमध्ये जाऊ देऊ नका. सुरुवातीला खाली, वाळूजवळ ठेवा.

तीन-चार आठवडे बघा. पहिले दोन-तीन दिवस मिटून राहणं ठीक. सार्कोफायटन आठवडाभर मिटून मेणचट कात टाकतं, तेही ठीक. पॉलिप रोज उघडले, रंग टिकला, बूड प्लगवर पसरू लागलं तर टँक पास. दहा दिवसांनीही मिटलेलंच, कडा विरघळतात किंवा रंग उडतो, तर दुसरं कोरल आणून पाहू असं करू नका. आधी खारटपणा वेगळ्या उपकरणाने मोजा, मग अल्कलिनिटी, मग प्रकाश कमी करा, मग तांबं तपासा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

पुढच्या पायरीला मोठ्या पॉलिपची कठीण कोरल, म्हणजे डंकन, कॉलास्ट्रिया, मग हॅमर किंवा फ्रॉगस्पॉन घ्या. आता अल्कलिनिटीची वही पुन्हा काढायची. कठीण कोरल वाढू लागली की १ डीकेएच खर्चामागे सुमारे ७ पीपीएम कॅल्शियम जातं. रोजची घट ०.२ ते ०.३ डीकेएचवर पोचली की फक्त पाणी बदलून भागत नाही, डोसिंग पंप बसवून अल्कलिनिटी आणि कॅल्शियम दिवसभरात तुकड्यातुकड्यांनी द्यावं लागतं. डोसिंगवर सलग सहा आठवडे अल्कलिनिटी अर्ध्या डीकेएचच्या पट्ट्यात राहिली, की माँटिपोरा डिजिटाटाचा किंवा बर्ड्सनेस्टचा एक छोटा तुकडा वर, जास्त प्रकाशात लावा. त्याची टोकं फिकी आणि वाढती दिसली, बूड पसरत प्लगच्या कडेपर्यंत आलं आणि त्या काळात नायट्रेट-फॉस्फेट एकदाही शून्याला टेकलं नाही, तर अ‍ॅक्रोपोराचा पहिला फ्रॅग आणायला हरकत नाही.